डबल क्रश सिंड्रोम

डबल क्रश सिंड्रोम, म्हणजेच दुहेरी चेतादाब, ही एकाच चेतेवर तिच्या मार्गात दोन वेगवेगळ्या ठिकाणी दाब आल्यामुळे उद्भवणारी अवस्था आहे. चेतेला बोलीभाषेत 'नस' असे म्हटले जाते. हाताच्या बाबतीत यांपैकी पहिले ठिकाण बहुधा मान असते. तेथे मणक्यांमधून बाहेर पडणारे चेतामूळ दाबले जाते. दुसरे ठिकाण मनगट किंवा कोपर असते. दोन्ही ठिकाणच्या दाबामुळे हाताला मुंग्या येणे, बधिरता, वेदना आणि स्नायूंचा अशक्तपणा अशी जवळपास सारखीच लक्षणे निर्माण होतात. त्यामुळे एकच दाब ओळखला जाऊन त्यावरच उपचार झाले, तर रुग्णाचा त्रास अंशतः शिल्लक राहू शकतो. याउलट, मानेच्या एमआरआयमध्ये वयोमानानुसार दिसणारे बदल हेच दुखण्याचे कारण मानले गेले, तर अनावश्यक शस्त्रक्रियेचा धोका असतो. म्हणून प्रत्येक ठिकाणाचा स्वतंत्रपणे तपास करणे आणि रुग्णाच्या त्रासात कोणत्या दाबाचा किती वाटा आहे हे ठरवणे, हा या अवस्थेच्या निदानाचा गाभा आहे.

इतिहास

ही संकल्पना १९७३ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे एड्रियन अप्टन आणि ॲलन मॅककोमास यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. मनगटात मध्य चेता दबलेल्या किंवा कोपरापाशी अल्नर चेतेला इजा झालेल्या ११५ रुग्णांची त्यांनी विद्युत तपासणी केली. त्यांपैकी ८१ रुग्णांमध्ये, म्हणजे सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये, मानेतील चेतामुळांनाही इजा झाल्याची चिन्हे त्यांना आढळली. हा निव्वळ योगायोग नसावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. एका ठिकाणी आलेला सौम्य दाब एरवी लक्षणे निर्माण करण्यास पुरेसा नसला, तरी त्यामुळे चेतेचा पुढील भाग कमकुवत होतो आणि तेथे आलेला दुसरा सौम्य दाबही तिला सोसवत नाही, असे गृहीतक त्यांनी मांडले.

पुढे स्वीडनमधील हस्तशल्यचिकित्सक गोरान लुंडबोर्ग यांनी याचा उलट प्रकारही शक्य असल्याचे सुचवले. मनगटासारख्या दूरच्या ठिकाणी आलेल्या दाबामुळे चेतेचा वरचा भाग दाबास अधिक संवेदनशील होतो, असा हा विचार आहे. त्याला 'उलट डबल क्रश' असे म्हणतात.

शरीररचना

मानेत सात मणके असले, तरी ग्रीवा चेतांच्या आठ जोड्या असतात. पहिल्या सात जोड्या आपापल्या क्रमांकाच्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात आणि आठवी जोडी सातव्या ग्रीवा मणक्याच्या खालून निघते. त्यामुळे सहाव्या व सातव्या मणक्यांमधील चकती सरकल्यास सहसा सातवे चेतामूळ दाबले जाते. पाचव्या ते आठव्या ग्रीवा चेता आणि पहिली वक्षीय चेता यांच्या शाखा मानेच्या तळाशी व काखेत एकमेकींत गुंफल्या जातात. या जाळ्याला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. त्यातूनच हाताच्या प्रमुख चेता तयार होतात.

मध्य चेता मनगटातील कार्पल टनेल या अरुंद बोगद्यातून तळहातात शिरते. या बोगद्याच्या तळाशी व बाजूंना मनगटाची हाडे असतात आणि वरून एक जाड, चिवट आडवा बंध असतो. बोटे वाकवणारे नऊ स्नायुबंध याच बोगद्यातून जातात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू यांची संवेदना, तसेच अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या बहुतेक स्नायूंची हालचाल मध्य चेतेवर अवलंबून असते.

अल्नर चेता कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यामागून जाते. कोपर आपटल्यावर हातात झिणझिणी येते ती याच चेतेमुळे. करंगळी व अनामिकेच्या अर्ध्या भागाची संवेदना आणि तळहातातील बहुसंख्य लहान स्नायू तिच्या अखत्यारीत येतात.

या सर्व चेता म्हणजे असंख्य अक्षतंतूंच्या जुड्या होत. हालचाल घडवणाऱ्या चेतापेशीचा मुख्य भाग मेरुरज्जूत असतो, तर संवेदना वाहून नेणाऱ्या पेशीचा मुख्य भाग मेरुरज्जूच्या अगदी लगत, चेतामुळावरील एका गाठीसारख्या भागात असतो. त्याला पृष्ठमूळ गुच्छिका म्हणतात. मानेपासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर एकाच पेशीचा अक्षतंतू पार करतो. मानेतला आणि मनगटातला दाब एकाच पेशीवर परिणाम करू शकतो, या कल्पनेचा पाया हाच आहे.

चेता दबल्यावर होणारे बदल

चेतेवर दाब आला की प्रथम तिच्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा प्रवाह मंदावतो. त्यामुळे चेतेत सूज येते आणि आतील दाब आणखी वाढतो. दाब टिकून राहिल्यास अक्षतंतूंभोवतीचे मायलिन आवरण खराब होते व विद्युत संदेशांचा वेग घटतो. शेवटच्या टप्प्यात प्रत्यक्ष अक्षतंतू नष्ट होऊ लागतात. १९८१ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी कार्पल टनेलमधील दाब प्रत्यक्ष मोजला. निरोगी व्यक्तींत तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा, तर रुग्णांत सरासरी ३२ मिलिमीटर पारा इतका होता. मनगट वाकवल्यावर तो आणखी वाढतो. रात्री झोपेत मनगट नकळत दुमडले जाते, तेव्हा लक्षणे वाढण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

एका ठिकाणचा दाब दुसऱ्या ठिकाणावर कसा परिणाम करतो, याचे अप्टन व मॅककोमास यांनी दिलेले स्पष्टीकरण अक्षतंतूंतर्गत वहनाशी निगडित होते. अक्षतंतूला लागणारी प्रथिने व इतर द्रव्ये पेशीच्या मुख्य भागात तयार होतात आणि तेथून टोकापर्यंत वाहून नेली जातात. या वहनाचा जलद प्रवाह दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटरपर्यंत, तर मंद प्रवाह दिवसाला केवळ काही मिलिमीटर असतो. मानेत हा प्रवाह अंशतः अडला, तर मनगटाजवळील अक्षतंतूंना कमी पुरवठा होतो आणि झालेली झीज भरून काढण्याची त्यांची क्षमता घटते. प्राण्यांवरील प्रयोगांतही दोन ठिकाणच्या दाबाचा परिणाम एका ठिकाणच्या दाबापेक्षा अधिक गंभीर असल्याचे दिसून आले आहे. याखेरीज पृष्ठमूळ गुच्छिकेतील दाह, चेतेच्या आवरणातील बदलांमुळे तिच्या सरकण्यावर येणारी मर्यादा आणि मधुमेहासारखे सर्वांगीण आजार हीदेखील संभाव्य कारणे मानली जातात.

संकल्पनेवरील आक्षेप

१९९७ मध्ये आसा विल्बर्न आणि रॉजर गिलियट यांचे या संकल्पनेची चिकित्सा करणारे लेखन प्रसिद्ध झाले. त्यातील मुख्य आक्षेप शरीररचनेवर आधारित होता. चेतामूळ सहसा पृष्ठमूळ गुच्छिकेच्या अलीकडे, म्हणजे मेरुरज्जूच्या बाजूला दाबले जाते. संवेदना वाहणाऱ्या पेशीचा मुख्य भाग त्या दाबाच्या पलीकडे असल्याने तिथून हाताकडे जाणारा पुरवठा अडण्याचे कारण नाही. शिवाय, अंगठा व त्यालगतच्या बोटांची संवेदना प्रामुख्याने सहाव्या व सातव्या चेतामुळांतून जाते, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूंना आठव्या ग्रीवा व पहिल्या वक्षीय मुळांतून पुरवठा होतो. त्यामुळे मानेतील एकाच मुळावरील दाबाने कार्पल टनेलमधील संपूर्ण विकाराचे स्पष्टीकरण देता येत नाही.

मानेच्या मणक्यांची झीज आणि मनगटातील चेतादाब हे दोन्ही विकार मध्यम वयानंतर वारंवार आढळतात. ते एकाच व्यक्तीत योगायोगानेही एकत्र येऊ शकतात. त्यामुळे दोन्ही दाब एकमेकांना कारणीभूत ठरतात की केवळ एकत्र आढळतात, याबाबत मतभेद आहेत. दोन ठिकाणी दाब असलेले रुग्ण असतात, हे मात्र निर्विवाद आहे. प्रत्यक्ष उपचारांत हीच बाब निर्णायक ठरते.

कारणे

मानेतील दाबाची नेहमीची कारणे म्हणजे चकती सरकणे आणि स्पॉन्डिलोसिस, अर्थात मणक्यांची झीज होऊन हाडाची वाढ होणे. तरुण वयात पहिले आणि उतारवयात दुसरे कारण अधिक आढळते. सर्वाधिक वेळा सातवे व त्याखालोखाल सहावे चेतामूळ दाबले जाते.

मनगट किंवा कोपरापाशी चेता दबण्यास पुढील गोष्टी साहाय्यभूत ठरतात:

* मनगटाची सतत व जोर लावून होणारी हालचाल, तसेच कंप पावणाऱ्या यंत्रांवरील काम
* कोपर दीर्घकाळ दुमडून ठेवणे किंवा कठीण पृष्ठभागावर टेकवणे
* गरोदरपणात शरीरात साठणारे पाणी
* मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात आणि स्थूलता
* मनगटाचे किंवा कोपराचे जुने अस्थिभंग

मधुमेहात चेता आधीच दुर्बल झालेल्या असतात. म्हणून अशा रुग्णांत थोड्या दाबानेही लक्षणे दिसू शकतात.

लक्षणे

केवळ कार्पल टनेलमध्ये दाब असल्यास रुग्णाला रात्री हात बधिर होऊन जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते. मुंग्या पहिल्या साडेतीन बोटांत येतात. तळहाताच्या मधल्या भागाची संवेदना मात्र बहुधा शाबूत राहते, कारण तेथे जाणारी शाखा बोगद्यातून न जाता त्याच्या वरून जाते. वस्तू हातातून निसटणे, गुंड्या लावता न येणे आणि पुढे अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा सपाट होणे ही वाढलेल्या विकाराची चिन्हे आहेत.

मानेतील चेतामूळ दबल्यास वेदना मानेपासून किंवा खांद्याच्या फऱ्यापासून दंडातून खाली उतरते. मान मागे नेल्यावर किंवा दुखऱ्या बाजूस वळवल्यावर ती वाढते. हात डोक्यावर ठेवल्यास काही रुग्णांना आराम पडतो. सहावे मूळ दबल्यास अंगठा व तर्जनीकडे, सातवे दबल्यास मधल्या बोटाकडे, तर आठवे दबल्यास करंगळीकडे बधिरता जाणवते.

दोन्ही दाब एकत्र असल्यास या चित्रांची सरमिसळ होते. रात्री हाताला मुंग्या येतात, तशीच दिवसा मानेच्या हालचालीबरोबर दंडात कळ येते. बधिरतेची सीमा एका चेतेच्या क्षेत्रात नेमकी बसत नाही. एका ठिकाणी योग्य उपचार होऊनही अपेक्षित आराम न पडणे, ही दुसऱ्या दाबाची शंका घेण्याची नेहमीची वेळ असते.

निदान

शारीरिक तपासणी

निदानाची सुरुवात तपशीलवार विचारपूस आणि मानेपासून बोटांपर्यंतच्या तपासणीने होते. मान एका बाजूस व मागे झुकवून डोक्यावर हलका दाब देणे, या चाचणीस स्पर्लिंग चाचणी म्हणतात. हातात उतरणारी कळ निर्माण झाल्यास चेतामुळावरील दाबाची शक्यता वाढते. मेरुरज्जू दबल्याचा किंवा मणक्यांना इजा झाल्याचा संशय असल्यास ही चाचणी टाळतात. मनगटासाठी ते एक मिनिट वाकवून ठेवण्याची फॅलेन चाचणी, बोगद्यावर अंगठ्याने ३० सेकंद दाब देण्याची डर्कन चाचणी आणि चेतेवर हलके ठोकून मुंग्या येतात का हे पाहण्याची टिनेल चाचणी केली जाते. कोपरासाठी तो पूर्ण दुमडून ठेवण्याची चाचणी करतात. यांतील कोणतीही एक चाचणी स्वतंत्रपणे निर्णायक नसते.

कोणते स्नायू अशक्त आहेत, यावरून पुष्कळ माहिती मिळते. दंडाच्या मागील स्नायूची शक्ती व प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली असेल, तर कारण मनगटात असू शकत नाही; तो सातव्या चेतामुळाचा संकेत असतो. करंगळीच्या बधिरतेत अनामिकेची केवळ अर्धी बाजू बधिर असल्यास अल्नर चेतेकडे संशय जातो. बधिरता मनगटाच्या वर हाताच्या आतील कडेने कोपराकडे पसरली असल्यास आठवे ग्रीवा किंवा पहिले वक्षीय मूळ तपासावे लागते, कारण त्या कडेची संवेदना अल्नर चेतेकडे नसून एका वेगळ्या शाखेकडे असते.

विद्युत तपासण्या

चेतावहन चाचणीत चेतेला सौम्य विद्युत धक्का देऊन संदेशाचा वेग व तीव्रता मोजतात. मनगटात दाब असल्यास नेमक्या त्या टप्प्यावर वेग मंदावलेला दिसतो. चेतामूळ दबले असता संवेदी चेतांचा संदेश मात्र बहुधा सामान्य असतो, कारण दाब गुच्छिकेच्या अलीकडे असतो. हाताला बधिरता असूनही संवेदी चाचणी सामान्य येणे, हा म्हणूनच मानेकडे बोट दाखवणारा महत्त्वाचा धागा ठरतो.

ईएमजी तपासणीत बारीक सुई स्नायूत घालून त्याची विद्युत क्रिया पाहतात. एकाच चेतामुळाचे, पण वेगवेगळ्या चेतांचे स्नायू बाधित आढळले आणि मणक्यालगतच्या स्नायूंतही बदल दिसले, तर दोष मुळात असल्याचे स्पष्ट होते. हे बदल हाताच्या स्नायूंत दिसण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. फार लवकर केलेली तपासणी फसवी ठरू शकते. केवळ संवेदी तंतूंना इजा झाली असल्यास ईएमजी सामान्य येते. त्यामुळे सामान्य अहवालाने मानेतील दाब पूर्णपणे नाकारता येत नाही.

प्रतिमा तपासण्या

मानेच्या एमआरआयमध्ये चकती, मेरुरज्जू व चेतामुळे दिसतात. मात्र १९९० मध्ये स्कॉट बोडेन आणि सहकाऱ्यांनी कोणतीही तक्रार नसलेल्या ६३ व्यक्तींची एमआरआय तपासणी केली, तेव्हा चाळिशीच्या आतील १४ टक्के आणि चाळिशीपुढील २८ टक्के व्यक्तींत दोष आढळले. म्हणून चित्रातील दोषाची बाजू व पातळी रुग्णाच्या लक्षणांशी आणि तपासणीशी जुळते का, हे पाहणे अनिवार्य असते. मनगट व कोपरापाशी सोनोग्राफीने चेतेची सूज दिसू शकते.

दोन्ही ठिकाणी दोष आढळून कोणता अधिक त्रासदायक आहे हे ठरत नसेल, तर त्या ठिकाणी दिलेल्या इंजेक्शनचा निदानासाठी उपयोग होतो. कार्पल टनेलमधील स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने मुंग्या कमी झाल्या, तर त्या लक्षणांत मनगटाचा वाटा मोठा असल्याचे समजते.

सारखी लक्षणे असणारे विकार

भारतात हाताच्या बधिरतेचे निदान करताना कुष्ठरोगाचा विचार आवश्यक असतो. त्यात कोपरापाशी अल्नर चेता जाड होते व त्वचेवर संवेदनाहीन चट्टे आढळू शकतात. तो औषधांनी पूर्ण बरा होतो. निदानास उशीर झाल्यास मात्र बोटांची विकृती कायम राहते. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता व मधुमेही चेताविकार यांत बहुधा दोन्ही पायांनाही मुंग्या येतात. मानेच्या तळाशी चेताजाल दबणे, फुप्फुसाच्या टोकाशी असलेली गाठ आणि चालक चेतापेशींचे आजार यांचाही विचार केला जातो. डाव्या हातात अचानक कळ येऊन छातीत दडपण, घाम किंवा दम लागत असल्यास प्रथम हृदयविकार तपासतात.

सर्वांत महत्त्वाचा भेद मेरुरज्जूवरील दाबाचा असतो. दोन्ही हातांचा अवघडलेपणा, चालताना तोल जाणे, पाय ताठरणे आणि लघवी किंवा शौचावरील नियंत्रण सुटणे ही त्याची धोक्याची चिन्हे आहेत. अशा रुग्णास तातडीने तज्ज्ञांकडे पाठवावे लागते.

उपचार

शस्त्रक्रियेविना उपचार

स्नायूंची वाढती अशक्तता किंवा मेरुरज्जूवर दाब नसल्यास प्रथम शस्त्रक्रियेविना उपचार केले जातात आणि ते दोन्ही ठिकाणांसाठी एकाच वेळी सुरू करता येतात. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री काही आठवडे वापरतात. कोपरासाठी तो टेकवणे व दीर्घकाळ दुमडणे टाळले जाते. झोपेत कोपर पूर्ण वाकू नये म्हणून त्याभोवती टॉवेल सैलसर गुंडाळण्याचा साधा उपायही उपयोगी पडतो. मानेसाठी वेदनाशामके, भौतिकोपचार, मान व खांद्यांच्या स्नायूंचे व्यायाम आणि निवडक रुग्णांत ट्रॅक्शन यांचा वापर होतो. चेतावेदनेसाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन ही औषधे काही रुग्णांना दिली जातात. मधुमेह व थायरॉइडचे विकार नियंत्रणात आणणे हाही उपचारांचाच भाग असतो.

केशकर्तनालयात किंवा मालिश करणाऱ्याकडून झटका देऊन मान मोडून घेण्याची पद्धत अशा रुग्णांत धोकादायक ठरू शकते. त्यामुळे आधीच दबलेल्या मेरुरज्जूस किंवा मानेतील रक्तवाहिन्यांना इजा होण्याचा संभव असतो.

शस्त्रक्रिया

कार्पल टनेलच्या शस्त्रक्रियेत बोगद्यावरील आडवा बंध कापून चेतेला जागा करून दिली जाते. ती बहुधा स्थानिक भूल देऊन होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. कोपरापाशी अल्नर चेता मोकळी करतात किंवा गरजेनुसार ती हाडाच्या पुढील बाजूस आणतात. मानेत पुढील बाजूने चकती काढून दोन मणके जोडण्याची शस्त्रक्रिया प्रचलित आहे. १९५० च्या दशकात जॉर्ज स्मिथ व रॉबर्ट रॉबिन्सन, तसेच राल्फ क्लॉवर्ड यांनी तिच्या पद्धती विकसित केल्या. कृत्रिम चकती बसवणे आणि मागील बाजूने चेतामुळाचे छिद्र रुंद करणे हे अन्य पर्याय आहेत.

उपचारांचा क्रम

सर्व रुग्णांना लागू पडेल असा एकच क्रम नाही. मेरुरज्जूवर दाब, चेतामुळामुळे वाढत जाणारा अशक्तपणा किंवा असह्य कळ असल्यास मानेस प्राधान्य दिले जाते. मानेची लक्षणे सौम्य असून मनगटातील दोष विद्युत तपासणीत स्पष्ट असल्यास मनगटाची शस्त्रक्रिया प्रथम करतात, कारण ती लहान व तुलनेने कमी जोखमीची असते. त्यानंतर उरलेल्या लक्षणांवरून मानेच्या उपचारांची गरज पुन्हा ठरवली जाते. कोणत्या लक्षणात सुधारणा अपेक्षित आहे आणि कोणते लक्षण शिल्लक राहू शकते, हे शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णास सांगणे आवश्यक असते. अन्यथा यशस्वी शस्त्रक्रियाही त्याला अपयशी वाटू शकते.

रोगाचे भवितव्य

मानेतील चेतामुळाच्या दाबाचे भवितव्य बहुधा चांगले असते. अमेरिकेतील रोचेस्टर येथे १९७६ ते १९९० या काळातील ५६१ रुग्णांचा के. राधाकृष्णन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना शस्त्रक्रिया करावी लागली आणि अखेरच्या पाहणीत सुमारे ९० टक्के रुग्णांना त्रास नव्हता किंवा अत्यल्प होता. दोन ठिकाणी दाब असलेल्या रुग्णांत मात्र केवळ मनगटावरील शस्त्रक्रियेचा परिणाम एकाच दाबाच्या रुग्णांइतका समाधानकारक नसू शकतो.

सुधारणेचा वेग इजेच्या स्वरूपावर अवलंबून असतो. केवळ मायलिन आवरणास इजा झाली असेल, तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फरक पडतो. अक्षतंतू तुटले असतील, तर ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात. मनगटापासून अंगठ्याच्या मुळापर्यंतचे अंतर ते काही महिन्यांत गाठू शकतात. मानेपासून तळहातापर्यंत पोहोचण्यास मात्र वर्षाहून अधिक काळ लागतो. तोपर्यंत चेतेविना राहिलेला स्नायू इतका क्षीण होतो की त्याची शक्ती परत येणे अवघड असते. म्हणून बधिरता सतत राहू लागणे, पकड सैल होणे किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा सपाट दिसू लागणे या टप्प्यांपूर्वीच दोन्ही ठिकाणांची तपासणी होणे हिताचे ठरते.